न्यूरल नेटवर्क वाचायचं कुठून? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेड-लातूरकडच्या संगणकशास्त्राच्या मुलांशी न्यूरल नेटवर्कविषयी बोलू लागलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : "याचं खरं साहित्य पुण्या-मुंबईत, नाहीतर हैदराबादला. आपण व्हिडिओ बघायचे आणि कोड चालवायचा." हा समज मुलांचं फार नुकसान करतो, आणि तो खराही नाही.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीतील श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या यु. व्ही. कुलकर्णी आणि टी. आर. सोनटक्के यांनी २००१ च्या सुमारास फझी न्यूरल नेटवर्कवर लिहिलेले शोधनिबंध 'इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स'सारख्या नियतकालिकात आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९९२ मध्ये, पॅट्रिक सिम्प्सन यांनी एक नेटवर्क मांडलं होतं. त्यात सारखे नमुने बहुमितीय पेट्यांत बंदिस्त केले जात. नांदेडच्या मंडळींनी पेटीऐवजी रेषाखंड वापरून पाहिला, गोलही वापरून पाहिला. पुढे पी. एम. पाटील आणि सोनटक्के यांचा हाताने लिहिलेले देवनागरी अंक ओळखण्यावरचा शोधनिबंध २००७ मध्ये 'पॅटर्न रेकग्निशन'मध्ये आला. अंक तिरपा असो, लहान-मोठा असो की जागेवरून सरकलेला, तो ओळखता यावा, हा त्यामागचा प्रयत्न. आधीचं काम कुठे अपुरं पडतं हे बारकाईने वाचल्याशिवाय असं काही सुचत नाही.

साहित्य मिळत नाही, हेही आता खरं नाही. तत्त्वज्ञानाच्या स्टॅनफर्ड विश्वकोशातला कॅमेरॉन बकनर आणि जेम्स गार्सन यांचा कनेक्शनिझमवरचा, म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या आधारे मन समजून घेण्याच्या मतावरचा, लेख फुकट वाचता येतो. बाजू आणि आक्षेप दोन्ही मांडणारा इतका नेटका प्रवेशलेख दुसरा मला माहीत नाही. गणित हाताने सोडवत शिकायचं असेल तर मायकेल नील्सन यांचं इंटरनेटवरचं मोफत पुस्तक आहे. छापील हवं असेल तर बी. यज्ञनारायण यांचं १९९९ चं 'आर्टिफिशियल न्यूरल नेटवर्क्स' हे भारतात, भारतीय वर्गांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर आपल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचेही प्रबंध आहेत. सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही संशोधन-नियतकालिकं खुली करणारी योजना सुरू झाली आहे. आपली संस्था तिच्यात आहे का, हे ग्रंथपालांना जाऊन विचारा. ग्रंथालयात हा प्रश्न विचारणारी मुलं फार थोडी असतात, याचं मला वाईट वाटतं.

शोधताना एक घोटाळा होतो. बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'कनेक्शनिझम' असतो, पण तो थॉर्नडाईकचा : पिंजऱ्यातली मांजर, प्रयत्न आणि प्रमाद, उद्दीपक आणि प्रतिसाद. दोन्हींत शिकणं म्हणजे जोडण्या घट्ट होणं, हे नातं आहे खरं. तरी थॉर्नडाईक वाचून न्यूरल नेटवर्क समजणार नाही. शोधताना 'पॅरलल डिस्ट्रिब्युटेड प्रोसेसिंग' असं घाला. रुमेलहार्ट, मॅक्लेलंड आणि त्यांच्या गटाचे १९८६ चे दोन खंड याच नावाचे आहेत.

सगळ्यात घातक गैरसमज मात्र वेगळाच : टीका म्हणजे विरोधकांचं लिखाण, ते नंतर सवडीने वाचू. या विषयात टीका वाचूनच मूळ मांडणी कळते. उदाहरणार्थ, १९८६ च्या त्या खंडांतलं गाजलेलं प्रकरण इंग्रजी क्रियापदांच्या भूतकाळाचं आहे. आपल्या घरातलं लहान मूल 'केलं' म्हणता म्हणता मध्येच 'करलं' म्हणू लागतं आणि पुन्हा 'केलं'वर येतं. इंग्रजी मुलांचंही तसंच होतं. कोणताही नियम न भरता आपल्या नेटवर्कमध्येही हेच घडलं, असा रुमेलहार्ट-मॅक्लेलंड यांचा दावा होता. १९८८ मध्ये स्टीव्हन पिंकर आणि अॅलन प्रिन्स यांनी तो उसवून पाहिला. नेटवर्कला आधी दहाच क्रियापदं शिकवली होती, त्यांतली आठ अनियमित. मग एकदम आणखी ४१० ओतली, त्यांत बहुतेक नियमित. मधली चूक त्या ओतण्यातून आली, मुलांच्या कानावर पडणारी भाषा अशी एकाएकी बदलत नाही, असा त्यांचा आक्षेप. नेटवर्कला कोणती माहिती कोणत्या क्रमाने दिली हे आधी विचारायचं, हा धडा आजच्या प्रत्येक प्रकल्पाला लागू आहे. तो शिकवण्यांच्या व्हिडिओंत सहसा सापडत नाही.

मिन्स्की आणि पॅपर्ट यांच्या १९६९ च्या 'पर्सेप्ट्रॉन्स'ने न्यूरल नेटवर्क खोटी ठरवली, असंही सर्रास सांगितलं जातं. त्यांनी एकथरी पर्सेप्ट्रॉनच्या मर्यादा गणिताने सिद्ध केल्या. अनेक थरांबद्दल त्यांनी व्यक्त केली ती शंका, सिद्धता नव्हे. आणि नेटवर्क मेंदूसारखंच चालतं असं कुणी म्हणालं तर फ्रान्सिस क्रिक यांचा 'नेचर'मधला १९८९ चा छोटा लेख पुढे करावा. किती चूक झाली हा संदेश जोडण्यांतून उलटा पाठवत शिकणारा मेंदू त्यांना पटत नव्हता.

चॅटजीपीटी आलं आणि नियमांविना नेटवर्कला भाषा कळू शकते का हा जुना वाद मिटला, असं समजणाऱ्यांनी फोडर आणि पिलिशिन यांचा १९८८ चा शोधनिबंध उघडावा. 'रामाने सीतेला पाहिलं' ज्याला कळतं, त्याला 'सीतेने रामाला पाहिलं' कळतंच. नेटवर्कच्या रचनेतून ही हमी कुठे मिळते, असं ते विचारतात. ब्रेंडन लेक आणि मार्को बरोनी यांनी २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये या आव्हानाला उत्तर दिलं. नेटवर्कला खास रीतीने सराव दिला तर ही क्षमता येऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. अशा सरावाने फोडर यांचा प्रश्न सुटतो की फक्त टळतो, यावर अजून भांडण आहे. एका सत्राच्या सेमिनारसाठी हे दोन शोधनिबंध पुरेसे आहेत. दोन विद्यार्थ्यांनी दोन बाजू घ्याव्यात.