आयकॉन मोडला म्हणून कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका

मोहर्लीहून चंद्रपूरला जायचे म्हणजे आगरझरी, पद्मापूर करत साधारण ३० किलोमीटरचा जंगलातला रस्ता. दिवस मावळल्यावर त्या रस्त्याने दुचाकीवर जायला कोणी खुशीने तयार होत नाही. आता समजा, घरातल्या कॉम्प्युटरवर मुलाने नवे सॉफ्टवेअर टाकले आणि दुसऱ्या दिवशी डेस्कटॉपवरचा आयकॉन उघडेना. मग सीपीयू चादरीत गुंडाळून मोटरसायकलवरून चंद्रपूरला न्यायचा. दुरुस्तीवाला म्हणणार, ‘विंडोज खराब झाले, फॉरमॅट मारावे लागेल.’ संध्याकाळी कॉम्प्युटर नव्यासारखा होऊन परत येतो, पण त्यातले अब्बांचे जुने फोटो, बहिणीच्या निकाहनाम्याची स्कॅन प्रत आणि होमस्टेचा दोन वर्षांचा हिशेब गेलेला असतो.

बिघाड मात्र बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो.

डेस्कटॉपवर दिसणारे चित्र म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे. ती एक छोटी चिठ्ठी असते आणि तिच्यावर फक्त पत्ता लिहिलेला असतो: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाइल. चित्राच्या कोपऱ्यातला लहानसा बाण ही तिची खूण. चिठ्ठी फाटली म्हणून घर पडत नाही, आणि घर हलले तर चिठ्ठी आपोआप सुधारेलच असे नाही. विंडोज हलवलेली फाइल शोधायचा प्रयत्न करते, पण दर वेळी तिला ते साधत नाही.

याचा मोठा दाखला १३ जानेवारी २०२३ चा आहे. त्या शुक्रवारी मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या सुरक्षा सॉफ्टवेअरचे एक सदोष अपडेट आले आणि अनेक देशांतल्या कार्यालयांत स्टार्ट मेनू व टास्कबारवरचे शॉर्टकट पटापट नाहीसे झाले. लोकांना वाटले, वर्ड-एक्सेल सगळे उडाले. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर जागच्या जागी होते, फक्त चिठ्ठ्या पुसल्या गेल्या होत्या. कंपनीने नंतर त्या परत तयार करण्याची सोय दिली.

घरी काय पाहायचे? आधी कीबोर्डवरचे विंडोजचे बटण दाबून सॉफ्टवेअरचे नाव टाइप करा. तिथून ते उघडले तर काम झाले. मोडका आयकॉन काढून टाका. शॉर्टकट पुसल्याने सॉफ्टवेअर पुसले जात नाही. मग शोधात आलेल्या नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या, तिथल्या फाइलवर पुन्हा राइट क्लिक करून ‘सेंड टू’मधून ‘डेस्कटॉप’ निवडा. विंडोज ११ मध्ये ‘सेंड टू’ दिसण्यासाठी आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’वर जावे लागते. आयकॉन नुसता पांढरा कागद झाला असेल, पण सॉफ्टवेअर उघडत असेल, तर तेवढेही करायची गरज नाही.

शोधूनही सापडले नाही, तर मोडक्या आयकॉनच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टार्गेट’ वाचा. तिथे पत्ता लिहिलेला असतो आणि बहुधा चूकही तिथेच दिसते. घरोघरी सर्वात जास्त आढळणारा प्रकार डाउनलोड्स फोल्डरचा. काही लहान सॉफ्टवेअर रीतसर इन्स्टॉल होत नाहीत, डाउनलोड झाले तिथूनच चालतात. मग ईदच्या साफसफाईसारखी कोणी तरी डाउनलोड्सची झाडझूड करते आणि शॉर्टकट पोरका होतो. रीसायकल बिन रिकामे केले नसेल तर फाइल परत मिळते. कधी पत्ता पेन ड्राइव्हचा असतो आणि पेन ड्राइव्ह मामूंच्या खिशात गेलेला असतो.

तिसरा प्रकार जरा अवघड आहे. फुकटात मिळालेले ‘क्रॅक’ केलेले फोटोचे किंवा टायपिंगचे सॉफ्टवेअर टाकले की अँटीव्हायरस त्यातली मुख्य फाइल उचलून कोठडीत टाकतो. ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त तशी नोंद दिसते. अशा वेळी अँटीव्हायरस बंद करून ती फाइल सोडवून आणा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकू नये. त्या कॉम्प्युटरवर तुमचे बँकेचे व्यवहारही होत असतात.

मराठी घरांत आणखी एक भानगड होते. नवा कॉम्प्युटर सुरू करताना हौसेने नाव देवनागरीत लिहिले जाते. मग युजर्स फोल्डरमध्ये ‘सलमा’ नावाचे घर तयार होते. जुन्या धाटणीच्या काही सॉफ्टवेअरना ही अक्षरे वाचता येत नाहीत. ती टाकली तरी उघडत नाहीत किंवा फाइल सापडत नसल्याची तक्रार करतात. नंतर सेटिंगमध्ये नाव बदलले तरी फोल्डरचे नाव तेच राहते. म्हणून खाते उघडताना नाव रोमन अक्षरांत द्यावे. पत्रे, फोटो आणि हिशेब यांच्या फायलींना मात्र मराठी नावे खुशाल द्या.

पेन ड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झालेले दिसले, तर तो वेगळा मामला आहे. तो व्हायरस असतो. झेरॉक्सच्या, टायपिंगच्या दुकानांतून तो फिरतो. त्या शॉर्टकटवर क्लिक करायचे नाही. खरे फोल्डर बहुधा लपवलेले असतात, गेलेले नसतात. आधी अँटीव्हायरसने तपासून घ्या, मग फायली बाहेर काढा. शॉर्टकटसारखी क्षुल्लक वाटणारी फाइल किती लांब जाऊ शकते, हे २०१० मध्ये स्टक्सनेटने दाखवले. इराणच्या अणुकेंद्रातल्या यंत्रांपर्यंत पोहोचलेल्या त्या व्हायरसने विंडोजच्या शॉर्टकट फायलींमधलीच एक उणीव वापरली होती आणि पेन ड्राइव्हवरून प्रवास केला होता.

इतके करूनही सॉफ्टवेअर उघडले नाही, तर ते पुन्हा इन्स्टॉल करावे. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाचा फोल्डर वेगळा असतो. तो कुठे आहे हे आधी पाहून त्याची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यावी. मंगळवारी ताडोबाचा कोअर बंद असतो, जिप्सी दारात उभी असते. मोहर्लीकरांना या कामासाठी तो दिवस बरा. आणि चंद्रपूरला जावेच लागले, तर दुकानदाराला सीपीयू हातात देण्याआधी विचारा: ‘फॉरमॅट करण्याआधी डेटाची प्रत कशावर घेणार?’ तो ‘डेटा जाणारच’ म्हणाला, तर सीपीयू तसाच परत उचला.