मांजराचे केस का गळतात?

चारकोपची वसाहत म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८०च्या दशकात वसविली. मध्ये चौक आणि त्याभोवती लहान घरे, अशी तिची मूळ मांडणी. अशा चौकातले मांजर कोणा एकाचे नसते. ते एका घरी दूध पिते, दुसऱ्या घरी निजते. पण त्याच्या पाठीवर टक्कल दिसू लागले, की ते कोणाचेच राहत नाही. कोणी म्हणतो, रॉकेल चोपडा. कोणी म्हणतो, पोत्यात घालून दूर सोडा. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. केस गळणे हा स्वतंत्र रोग नव्हे, ते लक्षण आहे. कारण सापडल्यावाचून उपाय सापडत नाही.

पहिला प्रश्न असा, की केस गळले, की मांजराने चाटून काढले? मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. खाज सुटली, की ते तीच जागा चाटत राहते व केस तुटतात. हे ते पुष्कळदा एकांतात करते, म्हणून आपल्याला केस गळल्यासारखे वाटतात.

खाजेचे नित्याचे कारण म्हणजे पिसू. काही मांजरांना पिसवेच्या लाळेचे वावडे असते. थोडे चावेही त्यांना पुरतात. शेपटीच्या मुळाशी केस विरळ झाले असतील, तर बारीक फणीने विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्तच होय. पिसवांची अंडी व अळ्या अंथरुणात आणि फटींत असतात. म्हणून एकाच मांजराला औषध देऊन भागत नाही. चौकातल्या साऱ्या मांजरांना द्यावे आणि घरेही झाडून काढावीत.

दुसरे कारण नायटा. ही बुरशी आहे. तोंड, कान, पाय यांवर कोंडा धरलेले चट्टे पडतात, आणि ती माणसांनाही, विशेषतः मुलांना, लागते. पशुवैद्य अतिनील किरणांच्या दिव्याखाली केस पाहतात. काही वेळा ते हिरवट चमकतात. न चमकल्यास नायटा नाही असे मात्र ठरत नाही. केसांवर बुरशी वाढवून पाहावी लागते. उपचार कित्येक आठवडे चालतात. केस उगवले म्हणून ते मध्येच सोडू नयेत. मांजर घालवून दिले, तरी घरात पडलेल्या केसांतील बुरशी महिनोन् महिने टिकते. म्हणून स्वच्छता हवीच.

खरजेचे सूक्ष्म किडे, अन्नाचे वावडे, हीही कारणे आहेत. पोटच चाटले जात असेल, तर मूत्राशयाचे दुखणेही असू शकते. ही सारी तपासून झाल्यावरच मनाच्या अस्वस्थतेकडे बोट दाखवावे.

एक गोष्ट मात्र आवर्जून लक्षात ठेवा. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त थेंब मांजराला जिवावर बेततात. फिनेल आणि पॅरासिटामॉलही तसेच. अशी काही द्रव्ये निकामी करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि अंगाला लावलेले सारे ते चाटून पोटात घेते.

पशुवैद्यकाचे शिक्षण देणारे महाविद्यालय मुंबईत, परळला, १८८६ पासून आहे. ज्या शहरात हे ज्ञान इतक्या काळापासून उपलब्ध आहे, तेथे एका मुक्या जिवाला रॉकेल आणि पोते एवढेच मिळावे, हे आपल्याला शोभत नाही.