जुनी गाडी, ऑनलाइन सौदा (लेखांक ६) : मीटर मागे केलेली गाडी

मागच्या लेखांकात आरसीवरची नावं, बँकेचा बोजा आणि एनओसी पाहिली. ती सगळी स्वच्छ निघाली तरी जाहिरातीतला एक आकडा शिल्लक राहतो, ज्याला आरसीवर जागाच नाही. तो म्हणजे गाडीचं रनिंग.

‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, शोरूम मेन्टेन्ड, फक्त ७१ हजार.’ या जाहिरातींवर विश्वास ठेवायचा तर राज्यात डॉक्टरांचा तुटवडा नाहीच म्हणायचा. पण डॉक्टर खरे असोत वा खोटे, भाव ठरतो तो त्या ७१ हजारांवर. तोच आकडा दीड लाख असेल तर फोनही येत नाहीत. मीटर मागे करण्याचा धंदा चालतो तो या हिशेबावर, आणि त्यात आपण खरेदीदारही निर्दोष नाही. एक्स्प्रेस-वेवर एका चालीत चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली ९० हजारांची गाडी गल्लीबोळांत क्लच घासत फिरलेल्या ४० हजारांच्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली असू शकते. पण आपण आधी आकडा बघतो आणि गाडी नंतर.

डिजिटल मीटर मागे करता येत नाही, असा अनेकांचा समज आहे. उलट जुन्या आकडेचाकांच्या मीटरमध्ये हात घातला की आकडे थोडे वाकडे बसत, काच उघडल्याच्या खुणा राहत. आता आकडा मीटरमागच्या एका चिपमध्ये साठवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला यंत्र जोडून तो काही मिनिटांत बदलता येतो. काहींत चिप काढून बदलावी लागते. हे यंत्र चोरांसाठीच बनलेलं आहे असंही नाही. जळालेलं मीटर बदललं की नव्यावर खरा आकडा चढवायला तेच लागतं.

म्हणून डॅशबोर्डच्या फोटोवर वाद घालण्यात अर्थ नाही. त्या गाडीचा आकडा इतरांनी वेगवेगळ्या तारखांना कुठे कुठे लिहून ठेवला आहे, ते शोधायचं. तेव्हा तो लिहिणाऱ्याला आजच्या सौद्यात काही मिळणार नव्हतं. हे काम घरबसल्या, टोकन देण्याआधी होतं.

पहिला ठेवा सर्व्हिस सेंटरचा. गाडी आत घेताना जॉब कार्डवर तारीख आणि रीडिंग दोन्ही चढतात. मालकाने कंपनीच्या ॲपवरून किंवा सेंटरला फोन करून पूर्ण हिस्टरी मागवावी, असं सरळ सांगा. सर्व्हिस बुकाच्या फोटोवर भागवू नका. शिक्के कुणालाही बनवता येतात. हिस्टरीत आजच्यापेक्षा मोठा आकडा सापडला तर विषयच संपला, पण एवढे कच्चे खेळाडू कमी. समजा, २०१७ची डिझेल गाडी. २०२०पर्यंत शोरूमला नियमित, शेवटची नोंद ६२ हजारांवर. म्हणजे वर्षाला वीसेक हजार. त्यानंतर ‘बाहेर मेन्टेन केली’ आणि २०२५मध्ये मीटर ७१ हजारांवर. लॉकडाऊनचं कारण तयार असतं आणि ते एखाद्या वर्षापुरतं खरंही असेल. पण वीस हजारांची सवय असलेली डिझेल गाडी पाच वर्षांत नऊ हजार चालली असेल, तर का, ते विचारायलाच हवं. नोकरी बदलली, मालक परदेशी गेला, अशी खरी उत्तरं असतात. ती लगेच येतात आणि त्यांना कागदाचा आधार असतो.

माझा सर्वांत आवडता पुरावा मात्र फास्टॅगचा. फेब्रुवारी २०२१पासून तो सक्तीचा आहे, त्यामुळे बहुतेक गाड्यांची काही वर्षांची टोल-डायरी बँकेकडे आपोआप तयार आहे. मालकाकडे स्टेटमेंट मागा. खालापूर आणि तळेगाव ही नावं दर आठवड्याला दिसत असतील तर हिशेब सोपा आहे. मुंबई-पुणे जाऊन-येऊन सुमारे ३०० किलोमीटर धरले तर वर्षाचे पंधरा हजारांच्या वर नुसते या एका रस्त्यावरच झाले. रोजचं ऑफिस वेगळं. जाहिरातीत ‘वर्षाला सात हजार’ लिहिणारा इथे अडकतो. मीटर मागे करणाऱ्याला टोलनाक्याची आठवण सहसा राहत नाही.

विमा मध्ये खंडित झाला असेल तर नव्याने घेताना कंपनीने गाडीची तपासणी करून फोटो काढलेले असतात, त्यात मीटरचाही असतो. व्हील अलाइनमेंटच्या पावतीवर रीडिंग असतं. बॉनेटखाली ऑइल बदलाचा टॅग लटकत असेल तर त्यावर ‘पुढचं ऑइल अमुक हजारांवर’ लिहिलेलं असतं, आणि विकण्याच्या घाईत तो काढायचा राहून जातो. इंजिनाचे फोटो मोठे करून बघा.

मग टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात : २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. २०२१ची गाडी, मीटर २२ हजार आणि चारही टायर २०२४चे? एवढ्याशा रनिंगला चार टायर झिजत नाहीत. पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची चकाकी यांवरून अंदाज बांधणारे पुष्कळ असतात. मला त्यांचा भरवसा नाही, कारण या वस्तू शे-पाचशेत नव्या होतात.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा मेकॅनिकसोबत स्कॅनरही न्या. ब्लूटूथचा साधा स्कॅनर स्वस्तात मिळतो आणि फोनवर चालतो. त्यात एक नोंद असते : इंजिनातले फॉल्ट कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. ही मोजणी इंजिनाचा संगणक ठेवतो, मीटर नाही. ती ६५,५३५च्या पुढे जात नाही, आणि कोड नुकतेच पुसले असतील तर आकडा लहान दिसेल, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण मीटर ३८ हजार दाखवत असताना इथे ५४ हजार आले, तर स्पष्टीकरण विक्रेत्याने द्यायचं.

फसवणूक झालीच तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. डीलरविरुद्ध ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. एकदाच स्वतःची गाडी विकणाऱ्याविरुद्ध तो अवघड. अमेरिकेत १९७२च्या कायद्याने मीटरशी छेडछाड करायला बंदी आली आणि विकताना रीडिंग लेखी देणं बंधनकारक झालं. आपल्याकडे हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३०मध्ये किलोमीटरचा रकानाच नाही. तो आपणच तयार करायचा. विक्री करारात तारीख, वेळ, मीटरचं रीडिंग आणि ‘माझ्या माहितीप्रमाणे हे खरं आहे’ हे वाक्य घालून विक्रेत्याची सही घ्या. सहीसाठी कागद पुढे केल्यावर ‘मीटर मधे एकदा बदललं होतं’ हे ज्याला आठवतं, त्याच्याशी भाव पुन्हा पहिल्यापासून बोलायचा.

पुढच्या आठवड्यात : पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी.