फ्रीझरमधला बर्फ आणि सुरी

फ्रीझरच्या भिंतींवर बर्फाचा जाड थर चढला, की ‘आमचा फ्रिज काय मस्त गार करतो!’ असं कौतुकानं सांगणारे लोक अजून भेटतात. खरं तर तो थर म्हणजे आतल्या थंडीवर घातलेली गोधडी. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातली वाफ गार पत्र्यावर गोठते. त्या पत्र्यातल्या नळ्यांतून फिरणारा वायू फ्रीझरमधली उष्णता शोषून घेत असतो. मध्ये बर्फ आडवा आला की हे काम मंदावतं, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि विजेचं बिल वाढतं. आम्हा कोकणातल्यांना पावसाळ्यात हे लवकर कळतं. थर अर्ध्या सेंटीमीटरचा झाला की काढून टाकावा.

घोटाळा होतो तो काढताना. बकरी ईदच्या आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये जागा हवी असते, घाई असते, आणि घरातलं कुणीतरी सुरी घेऊन बर्फ खरवडायला बसतं. नळ्यांचा पत्रा पातळ असतो. टोक लागलं आणि ‘फुस्स’ झालं, की वायू गेलाच. दुरुस्ती महागात पडते ती वेगळीच. शिवाय हल्लीच्या अनेक फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेणारा आहे. असा आवाज आला तर शेगडी पेटवू नका, कुठलंही बटण दाबू नका; खिडक्या उघडा आणि मेकॅनिकला बोलवा.

बर्फाला वेळ द्यावा, एवढंच. फ्रिज बंद करून प्लग काढा. आतले जिन्नस वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा. (शिळ्या पेपरचा, म्हणजे आम्हा लिहिणाऱ्यांचा, असाही उपयोग!) फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवून दार उघडं टाका. बर्फ आपोआप सुटतो. मग कोमट पाण्यात थोडा खायचा सोडा घालून आतून पुसा आणि कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. ओल राहिली तर तिचाच पुन्हा बर्फ होतो. दाराचं रबरही साबणाच्या पाण्यानं पुसा. दारात कागद अडकवून ओढून पाहा. सहज निघून आला तर रबर सैल झालंय आणि दमट हवा तिथूनच आत येतेय.

ज्यांचा फ्रिज ‘फ्रॉस्ट फ्री’ आहे, त्यांचा बर्फ आतला हीटर वितळवतो. पण ते पाणी जातं कुठं? मागच्या ट्रेमध्ये. तो ट्रे वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही, आणि त्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्याला ट्रे रिकामा करून घासायला हवा.

आणखी एक समज काढून टाकायला हवा. फ्रीझरमध्ये जंतू मरतात, असं अनेकांना वाटतं. उणे १८ अंशांवर ते नुसते निपचित पडतात. ऊब मिळाली की पुन्हा वाढू लागतात. गावी गेलेलं असताना वीज बराच काळ जाऊन परत आली, तर मटण वितळून पुन्हा गोठतं आणि वरून काही कळत नाही. त्यासाठी निघण्याआधी एका वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर ते मटण शिजवू नका, टाकून द्या.