तेहतीस मणक्यांची माळ

‘ताठ कणा’ म्हणजे स्वाभिमान, असा अर्थ मी अठरा वर्षे वर्गात सांगत आलो. कणा म्हणजे हाडेही असतात, हे मला शिकवले वेल्ह्याच्या मामींनी!

गेल्या आषाढात भोरहून त्यांच्याकडे गेलो. तोरण्याच्या पायथ्याला भातलावणी चालली होती. चिखलात कंबरेत वाकून बायका रोपे लावीत होत्या. मामी मात्र बांधावर बसून होत्या. उठून जवळ आल्या तेव्हा चमकलोच. पूर्वी माझ्या कानाला लागणाऱ्या मामी आता खांद्याशी आल्या होत्या!

“अरे, वय झालं की माणूस वाकायचंच,” त्या हसून म्हणाल्या.

पुण्यास आणून क्ष-किरणांचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि आमची शिकवणीच घेतली.

कणा म्हणजे एक सलग दांडा नव्हे. जन्मतः त्यात साधारण ३३ मणके असतात. मानेत ७, पाठीत १२, कंबरेत ५. त्याखालचे ५ पुढे जुळून एकच त्रिकोणी हाड होते आणि शेवटच्या चारांचे माकडहाड. गंमत अशी, की जिराफाच्या मानेतही मणके सातच!

मणक्याचा पुढचा भाग भरीव. भार तो पेलतो. मागे हाडाची कमान. कमानीवर कमान येऊन बोगदा होतो, त्यातून मज्जारज्जू जातो. दोन मणक्यांमध्ये कूर्चेची चकती. दिवसभराच्या भाराने ती किंचित दबते, म्हणून संध्याकाळी आपण सकाळपेक्षा सुमारे सेंटिमीटरभर बुटके असतो. रात्रीच्या विश्रांतीने ती पुन्हा फुगते.

मामींची उंची मात्र झोपेने परत येणारी नव्हती. पाठीतल्या दोन मणक्यांची पुढची बाजू चेपून त्यांची पाचर झाली होती. पाळी थांबल्यावर बायकांची हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. फार विरळ झाली, की पाण्याची कळशी उचलण्याचेही निमित्त पुरते. चेपलेला मणका औषधाने उभा राहत नाही; पण बाकीचे सांभाळता येतात. लवकर कळले पाहिजे, एवढेच!

मुलांची उंची आपण हौसेने भिंतीवर टिपतो. यंदा भाऊबीजेला आईची, आत्याची, मामींचीही खूण पेन्सिलीने करून ठेवा. पुढच्या दिवाळीला ती इंचभर खाली आली, तर ‘वय झालं’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आजवर ज्या आपल्या पाठीशी उभ्या राहिल्या, त्यांच्या पाठीकडे एकदा पाहायला नको का?