एका रतलात चौऱ्याऐंशी

७२, ८४ आणि ९६. एका रोमन रतलातून, म्हणजे सुमारे ३२५ ग्रॅम चांदीतून, किती ‘देनारिअस’ पाडायचे याचे हे आकडे. इ.स.पू. २११च्या सुमारास, हॅनिबलशी युद्ध चालू असताना हे नाणं निघालं तेव्हा ७२, म्हणजे दर नाण्याला साडेचार ग्रॅम. लवकरच ८४ झाले, वजन ३.९ ग्रॅमवर आलं. ९६चा आकडा इ.स. ६४च्या सुमारास नीरोच्या काळात आला. मधली अडीचशे वर्षं, काही भेसळीचे अपवाद वगळता, ८४ टिकला. यादवी युद्धं पचवून टिकलेला हा आकडा मला रोमच्या कुठल्याही विजयकमानीपेक्षा मोलाचा वाटतो.

या नाण्यांसाठी चांदीची गरज केवढी होती? सीझरनंतर सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ देनारिअस होता. पाच हजारांच्या एका लीजनला सव्वाअकरा लाख नाणी, म्हणजे सुमारे ४.४ टन चांदी लागे. इटलीतल्या मित्रराज्यांनी बंड केलं तेव्हा, इ.स.पू. ९०मध्ये, एकट्या पिसो फ्रूगीच्या नाण्यांसाठी शेकडो ठसे झिजले.

हा पिसो टाकसाळीच्या तिघा अधिकाऱ्यांपैकी एक. ही नेमणूक वर्षाची असे आणि ती बहुधा बड्या घरच्या तरुणांना मिळे. चांदी किती वापरायची हे सिनेट ठरवी. चित्रात मात्र या तरुणांचा हात असे आणि त्यांनी तो सढळ चालवला. इ.स.पू. १३५मधलं मिनुकिअस ऑगुरिनसचं नाणं पाहा. मागच्या बाजूला स्तंभ, पायथ्याशी धान्याची कणसं, शेजारी हातात पाव घेतलेला माणूस. टंचाईत लोकांना स्वस्त धान्य देणाऱ्या पूर्वजाची ही आठवण. निवडणुका लढवायच्या घराण्याला याहून दूरवर पोचणारी जाहिरात कुठली मिळणार?

इ.स.पू. ५४मध्ये ब्रूटस या पदावर होता. त्याने नाण्यावर स्वातंत्र्यदेवता आणि राजेशाही उलथवणारा आपला पूर्वज घेतला. इ.स.पू. ४४मध्ये सीझरने अधिकारी तिनाचे चार केले आणि रोमच्या नाण्यावर प्रथमच हयात रोमन माणसाचा, म्हणजे खुद्द सीझरचा, चेहरा आला. दोन वर्षांनी त्याच्या खुनाचा गौरव करणारे दोन खंजीर नाण्यावर आले; दुसऱ्या बाजूला चेहरा होता ब्रूटसचा.

ऑगस्टसच्या कारकिर्दीत चांदीच्या नाण्यांवरून या अधिकाऱ्यांची नावं कायमची गेली. पुढे इ.स. २६०च्या दशकाअखेर रोमच्या ‘चांदीच्या’ नाण्यात चांदी ५ टक्क्यांहूनही कमी उरली होती.