बेड सरळ, तर काम सरळ

उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉलीचे हब झिजतात. उन्हाळ्यात बोअरमधल्या मोटारीचा शाफ्ट जातो आणि पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या पिना-बुश ढिल्या पडतात. बीड जिल्ह्यातला शेतकरी हे सगळं घेऊन ज्या पत्र्याच्या शेडसमोर उभा राहतो, त्या शेडमध्ये एक लेथ असतो. बहुतेकदा तो मालकापेक्षा वयाने मोठा असतो. त्याचा रंग उडालेला असतो, गिअरबॉक्समधून तेल गळत असतं, हँडल फिरवलं तरी पाव फेरा काहीच हलत नाही. अशा लेथकडे पाहून पुष्कळजण म्हणतात, भंगारात घाला. हा लेख त्या सल्ल्याच्या विरोधात आहे.

लेथचं मूळ तत्त्व सोपं आहे: काम फिरतं आणि हत्यार सरळ रेषेत सरकतं. गोल शाफ्ट, सपाट तोंड, आतलं बोअर, आटे हे सगळं या दोन हालचालींतून निघतं. हत्याराची रेषा ठरवतो तो बेड, म्हणजे बिडाचा (ओतीव लोखंडाचा) लांब, जड पाया. त्याच्या घासपट्ट्यांवरून हत्यार धरणारी कॅरेज पुढे-मागे जाते. रोजची कामं आखूड असतात, त्यामुळे कॅरेज वर्षानुवर्षं काम धरणाऱ्या चकजवळच्या वीतभर पट्ट्यातच फिरते आणि बेड तिथेच झिजतो. मग शाफ्ट एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. हत्याराची वाट ०.०५ मिमी बाजूला गेली, तर व्यासात ०.१ मिमीचा फरक पडतो. बेअरिंग बसवायच्या जागी एवढा फरक म्हणजे काम वाया.

म्हणून जुना लेथ हाती आला की आधी रंगाचा डबा उघडायचा नसतो. आधी मशीन पक्क्या पायावर ठेवून लेव्हल करायचं. बेडला पीळ असेल, तर नवा लेथसुद्धा निमुळतं काम देतो. मग डायल गेज लावून चक फिरवणाऱ्या स्पिंडलचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायचा आणि एक जाड सळई टेलस्टॉकचा आधार न देता चकमध्ये धरून तिच्या दोन टोकांना हलका कट घ्यायचा. दोन्ही व्यास मायक्रोमीटरने मोजले की दोष बेडचा की स्पिंडल धरणाऱ्या हेडस्टॉकचा, याचा माग लागू लागतो.

झिजलेल्या सुट्या भागांचं दुःख फारसं करू नये. क्रॉस स्लाइडचा स्क्रू, त्याचा गनमेटलचा नट, बुश, पिना यांतलं बरंचसं लेथवरच घडवता येतं. स्वतःच्या दुरुस्तीचे भाग स्वतः काढून देणारी यंत्रं फार थोडी आहेत. आटे पाडताना कॅरेज ओढणारा जुन्या लेथचा लीडस्क्रू बहुधा इंचाच्या मापाचा असतो आणि आजचे बोल्ट मिलिमीटरचे. तिथे १२७ दातांचा गिअर कामाला येतो. इंचात २५.४ मिमी असतात, पाच इंचांत बरोबर १२७. तो आकडा मूळ संख्या असल्यामुळे त्याहून लहान गिअरने हा हिशेब तंतोतंत बसत नाही. तो एक चेंज गिअर मिळवला की इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे बिनचूक आटे पडतात.

खरी कसोटी बेडची. घासपट्ट्या हार्डन केलेल्या असतील, तर मोठ्या ग्राइंडिंग मशीनवर न्याव्या लागतात. साधं बीड असेल, तर हाताने स्क्रेपिंग करता येतं. सरळ पट्टीला निळ्या रंगाचा अगदी पातळ थर द्यायचा आणि ती बेडवर घासायची. जिथे निळं लागेल तिथे उंचवटा. स्क्रेपरने तेवढाच खरवडायचा, पुसायचं, पुन्हा निळं लावायचं. प्रत्येक वेळी धातूचे काही मायक्रॉनच निघतात. हळूहळू निळे ठिपके वाढत जातात आणि सगळीकडे सारखे पसरतात. ठिपक्यांमधल्या उथळ जागेत तेल टिकतं, म्हणून अशी घासपट्टी पुढे बरीच वर्षं साथ देते. बेड खाली गेला की कॅरेजही खाली बसते आणि लीडस्क्रूशी तिचा मेळ तुटतो. तेवढी उंची कॅरेजखाली पट्टी चिकटवून भरून काढावी लागते.

पण मुळात निळा रंग लावलेली ती सरळ पट्टी सरळ आहे, हे कशावरून? या प्रश्नाचं उत्तर यंत्रविद्येतल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक आहे. दोन पट्ट्या किंवा प्लेट एकमेकींवर जुळवल्या, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही त्या नीट बसू शकतात. तीन प्लेट आळीपाळीने एकमेकींशी जुळवत गेलं, की तिन्ही सपाट झाल्याशिवाय प्रत्येक जोडी जुळत नाही. कोणतंही आयतं प्रमाण नसताना अचूकता हाताने जन्माला घालता येते. इंग्रज यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ही पद्धत जाहीरपणे मांडली आणि पुढच्याच वर्षी आट्यांचं ५५ अंशांचं प्रमाण सुचवलं. पुढे त्यांनी आतून षट्कोनी नळीची रायफलही बनवली.

शस्त्र आणि लेथ यांचं नातं त्याहून जुनं आहे. जॉन विल्किन्सन यांनी १७७४ मध्ये तोफांसाठी केलेली बोअरिंगची पद्धत पुढे जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरला उपयोगी पडली. परदेशात अनेक हौशी कारागीर जुना लेथ दुरुस्त करून घरी बंदुकीचं काम करतात. आपल्याकडे ती वाट नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवणं किंवा दुरुस्त करणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. ज्या मुलाला या कामातली बारीकी खुणावते, त्याने आयटीआयमधून टर्नर होऊन आयुध निर्माणीत ॲप्रेंटिसशिप मिळवावी. आपल्या राज्यात खडकी, अंबाझरी, वरणगाव इथे त्या आहेत. एककेंद्री बोअर, स्वच्छ आटे, केसाएवढी फट ओळखणारा हात ही कौशल्यं पंपाच्या शाफ्टवरही तशीच कमावता येतात.

मराठी माणसाला या यंत्राचा वारसा आहे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर शेतकऱ्यांपर्यंत पोचवले. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना उभा राहिला आणि त्याचे लेथ देशभर गेले. तो कारखाना आता बंद आहे, पण त्याचे लेथ अजून वर्कशॉपांतून फिरत आहेत. ते दुरुस्त करणारे हात पिढीगणिक कमी होत चालले आहेत, ही खरी काळजी. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, चालवणारी मुलं तयार होतात, तशी स्क्रेपर धरणारी मुलंही तयार व्हायला हवीत. टर्नर-फिटरच्या वर्गात एक जुना लेथ पूर्ण उलगडून पुन्हा जुळवायला दिला, तर विद्यार्थी मोजमापाचं जे शिकेल, ते नव्या मशीनचं बटण दाबून शिकणार नाही.

बीडमधून दसऱ्यानंतर लाखो माणसं ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर जातात. पाऊस अपुरा, मोठे उद्योग मोजके. अशा भूमीत बेड सरळ असलेला एक लेथ गावाजवळच्या दोन-चार माणसांना बारमाही काम देतो आणि तुटलेला शाफ्ट संभाजीनगरला किंवा पुण्याला पाठवण्याचे दिवस वाचवतो. एखादी संस्था किंवा साखर कारखाना जुना लेथ लिलावात काढतो, तेव्हा त्याची किंमत वजनावर ठरू नये. बेड तपासावा, चक फिरवून बघावा आणि काम करणाऱ्या हातांना तो आधी देऊ करावा. त्या बिडाच्या पायात अजून दोन पिढ्यांचा रोजगार आहे.